तुमचा नंबर चौदावा

ग्रिम्सबीच्या बालवर्गात, खिडकीखालच्या कोपऱ्यात
या आठवड्यात दुकान नाही, दवाखाना नाही.
फक्त एक उंच खोकं, फ्रिजचं,
कुणाच्या तरी बाबांनी व्हॅनमधून आणून टाकलेलं.
सोमवारी त्याची बोट झाली, मंगळवारी तुरुंग.
आज डार्सीने त्यावर खडूने दोन गोल काढले
आणि जाहीर केलं: हा बॉयलर. बिघडलाय.

मी बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी,
मांडीवर तक्ता.
तक्त्यात चौकटी : भाषा, गणित, सहकार्य.
मिसेस ब्लँचर्डना शुक्रवारी भरलेल्या हव्यात.

डार्सी लाकडी केळं कानाला लावते.
थांबते.
इतकी थांबते की मातास कंटाळून
खोक्यात शिरतो, जाळ व्हायला.
मग दुसरं केळं माझ्या हातात. तू ऑफिस हो.

"हॅलो मॅडम, आमचा माणूस निघालाच बघा."
मला वाटलं, खूश होईल.
तर कपाळाला आठ्या. "असं नाही!
आधी गाणं वाजव.
मग म्हण, तुमचा नंबर चौदावा."

वाजवलं गाणं. पिं पिं पूं, सुचेल तसं.
तुमचा नंबर चौदावा.
ती बाहुलीला कोट घालते,
कोटावर आणखी एक कोट.
"थोडंच थांब गं राणी,
आंघोळीला किटलीत पाणी तापवू."
हा आवाज चार वर्षांचा नव्हे.
हा रोज पावणेनऊला फाटकाशी ऐकू येतो,
खांद्याने फोन कानाशी दाबलेला.

तेरावा. बारावा.
मध्येच जेनसन येतो, मी कुत्रा म्हणतो.
बरं, कुत्रा. त्यालाही थंडी, त्यालाही कोट.
नववा. आठवा. सातव्याला ती मला थांबवते :
"लाइन कट झाली! पुन्हा चौदा!"
आणि खदाखदा हसते.
लाइन आज तिनेच कापली होती.

लपाछपीत धाकट्यांना आम्ही कच्चं लिंबू करायचो,
खेळात घ्यायचं, पण धरायचं नाही.
घराघरांत असंच चालत असावं.
थंडी त्यांनाही लागते,
नंबर तेवढा त्यांचा लागत नाही.

मी या गावात आले तेव्हा चौतीस वर्षांची,
मिरजेच्या बँकेत सहा वर्षं काढलेली,
आणि डॉक्टरकडे फोन करायचा म्हटलं की घशाला कोरड.
मग रात्री स्वयंपाकघरात
आमटीचा डाव कानाला लावून उभी राहायचे.
हेरंब फ्रिजमागून नाकात बोलायचा,
"डेट ऑफ बर्थ, प्लीज?"
अकरा वेळा स्वतःचीच जन्मतारीख चुकले.
बाराव्या खेपेला खरा फोन.
डाव वाढायचा, डाव खेळायचा,
शब्द एकच आहे हे तेव्हा कुठे सुचलं होतं.

तिसरा. दुसरा. पहिला.
मातास उठतो, डोक्यावर नारिंगी स्कार्फ, फुरफुरत.
डार्सी बाहुलीचे कोट उतरवते, घड्या घालते,
कुत्र्याचाही मागून घेते.
खोक्याला तळहात टेकवून म्हणते, "गरम."
मला म्हणते, "लाव."
मी लावला.

गणित : चौदापासून उलटी मोजणी. मोठ्यांच्या चुका धरते.
भाषा : फोनवर पूर्ण वाक्यं.
सहकार्य : कुत्र्याला कोट दिला.
बाकीचं चौकटीत मावेना,
मी तक्ता पालथा घातला.

सव्वातीनला फाटकाशी तिची आई,
मान वाकडी, फोन तसाच, नजर कुठेतरी गोदीपलीकडे.
डार्सीने बाही ओढली.
"गाणं वाजतंय का?"
आईने मान हलवली.
"मग ठीक आहे. गाण्यानंतर नंबर असतो.
कंटाळा आला तर मी कुत्रा होते."

आई तिच्याकडे बघतच राहिली.
मग तिने फोन स्पीकरवर टाकला
आणि आम्ही तिघी वाऱ्यात उभ्या राहून ते ऐकलं.
खरं गाणं माझ्यापेक्षा वाईट होतं.